आयपी पत्त्यांचे वर्ग आणि सबनेटिंग : एक ऐतिहासिक विवेचन (वर्धा जिल्ह्यातील पिनकोड-व्यवस्थेच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात ‘आयपी पत्त्यांचे वर्ग’ हा घटक दीर्घकाळ शिकविला जात आहे. ‘ए’ वर्ग १ ते १२६, ‘बी’ वर्ग १२८ ते १९१, ‘सी’ वर्ग १९२ ते २२३ हे आकडे विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत अचूक लिहितातही. परंतु हे वर्ग कोणी, केव्हा आणि कोणत्या गरजेतून निर्माण केले, त्यांत कोणता दोष निघाला आणि सप्टेंबर १९९३ मध्येच ते अधिकृतपणे का मागे सारण्यात आले, हा इतिहास पुष्कळदा वर्गाबाहेरच राहतो. परिणामी जी व्यवस्था ऐतिहासिक आहे, तीच आजचा नियम म्हणून विद्यार्थ्यांच्या मनात रुजते.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. पहिला, आयपी पत्त्यांची वर्गपद्धती कशी उदयास आली? दुसरा, सबनेटिंगने त्या पद्धतीत कोणता बदल घडविला? आणि तिसरा, या पत्तेवाटपाचा भारतासारख्या उशिरा आलेल्या देशावर व पर्यायाने जिल्हास्तरीय शिक्षणसंस्थांवर कोणता परिणाम झाला? विषय तांत्रिक असला तरी त्याचा गाभा प्रशासनाच्या इतिहासाशी निगडित आहे. सीमारेषा कोठे आखावी आणि कोणाच्या वाट्याला किती द्यावे, हा तो गाभा होय. म्हणूनच विवेचनाचा प्रारंभ वर्धा जिल्ह्याच्या परिचित उदाहरणाने करणे सोयीचे ठरते.

पत्ता आणि सीमा : वर्धा जिल्ह्याचे उदाहरण

वर्धा जिल्हा हा स्वतःच एका विभाजनाचे अपत्य आहे. १८६२ पर्यंत हा प्रदेश नागपूर जिल्ह्यात समाविष्ट होता. प्रशासकीय सोयीसाठी तो वेगळा करण्यात आला. पुलगावजवळील कवठा हे आरंभीचे मुख्यालय होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी येथे हलविण्यात आले आणि तेथेच आजचे वर्धा शहर वसले. मोठ्या घटकाचा कारभार अवघड झाला की त्याचे लहान घटक पाडावयाचे, हे प्रशासनाचे जुने तत्त्व येथे दिसते.

टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड-पद्धती सुरू केली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील वरिष्ठ अधिकारी व संस्कृतचे नामवंत कवी होते. सहा अंकी पिनकोडमधील पहिला अंक विभाग दर्शवितो, दुसरा उपविभाग, तिसरा सॉर्टिंगचा जिल्हा, तर अखेरचे तीन अंक प्रत्यक्ष टपाल कार्यालय दर्शवितात. वर्धा ४४२००१, सेवाग्राम ४४२१०२, आर्वी ४४२२०१, हिंगणघाट ४४२३०१, पुलगाव ४४२३०२ या पत्त्यांत ‘४४२’ हा भाग समान आहे. सेवाग्रामला पत्र पाठविणाऱ्या मुंबईच्या टपाल कार्यालयाला सेवाग्राम कोठे आहे हे ठाऊक असण्याची आवश्यकता नसते. त्याने आरंभीचे अंक पाहून पत्र योग्य दिशेने रवाना करावयाचे. उरलेले अंक वाचण्याचे काम स्थानिक यंत्रणेचे असते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘४४२’ म्हणजे केवळ वर्धा जिल्हा नव्हे. चंद्रपूरचा पिनकोड ४४२४०१ आणि गडचिरोलीचा ४४२६०५ आहे. याउलट चंद्रपूर जिल्ह्यातीलच ब्रह्मपुरीचा पिनकोड ४४१२०६ आहे. म्हणजे टपालाची सीमा आणि महसुली सीमा एकच नाहीत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हाही आधीचा ‘४४२’ तसाच राहिला. जिल्ह्याच्या आत नवी सीमा पडली, तरी बाहेरच्या जगाला पत्राची दिशा ठरविण्यासाठी नवे काही शिकावे लागले नाही. आरंभीचा भाग बाहेरच्यांसाठी आणि उरलेला आतल्यांसाठी, हे तत्त्व आयपी पत्त्याच्या रचनेतही जसेच्या तसे आढळते.

वर्गपद्धतीचा उदय

अमेरिकेतील अर्पानेट हे जाळे १९६९ मध्ये सुरू झाले. भिन्न प्रकारची जाळी परस्परांशी जोडण्याचा आराखडा व्हिन्टन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी मे १९७४ मधील आपल्या शोधनिबंधात मांडला. त्यात जाळ्याची ओळख पटविण्यासाठी केवळ ८ बिट राखून ठेवले होते. म्हणजे जगात अधिकाधिक २५६ जाळी असू शकतील, असे गृहीत धरले गेले होते. त्या काळी जाळे म्हणजे संपूर्ण देशभर पसरलेली एखादी मोठी यंत्रणा, अशी कल्पना असल्यामुळे ही संख्या पुरेशी वाटणे स्वाभाविक होते.

सत्तरच्या दशकात स्थानिक जाळ्यांचे तंत्र विकसित झाले आणि ही समजूत डळमळली. एकेका विद्यापीठात, एकेका इमारतीत स्वतंत्र जाळे उभे राहू लागले. तेव्हा सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी ७९१’ या दस्तऐवजाने ३२ बिटांच्या पत्त्याची वर्गवारी केली. ज्या पत्त्याचा पहिला बिट ० आहे तो ‘ए’ वर्ग, पहिले दोन बिट १० असतील तर ‘बी’ वर्ग आणि पहिले तीन बिट ११० असतील तर ‘सी’ वर्ग, अशी ही योजना होती. ‘ए’ वर्गात वापरण्याजोगी १२६ जाळी आणि प्रत्येक जाळ्यात १,६७,७७,२१४ यंत्रे मावत. ‘बी’ वर्गात १६,३८४ जाळी आणि प्रत्येकात ६५,५३४ यंत्रे, तर ‘सी’ वर्गात २०,९७,१५२ जाळी आणि प्रत्येकात केवळ २५४ यंत्रे मावत. पुढे समूह-प्रसारणासाठी ‘डी’ वर्ग निश्चित झाला आणि २४० च्या पुढील पत्ते ‘ई’ वर्ग म्हणून राखीव राहिले.

या योजनेमागे व्यावहारिक शहाणपण होते. पत्त्याचा आरंभ पाहताच जाळ्याचा भाग कोठे संपतो आणि यंत्राचा भाग कोठे सुरू होतो, हे राउटरला कळत असे. सीमा ८, १६ किंवा २४ व्या बिटाशीच पडत असल्यामुळे गणनाही सोपी होती. यंत्रांची स्मृती व वेग मर्यादित असलेल्या त्या काळात ही सोय मोलाची होती. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी/आयपी पद्धती स्वीकारली आणि ही वर्गवारी प्रत्यक्ष व्यवहारात आली.

वर्गपद्धतीतील दोष

३२ बिटांतून एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते तयार होतात. वर्गवारीने यातील निम्मा भाग ‘ए’ वर्गाला, पाव भाग ‘बी’ वर्गाला आणि अष्टमांश भाग ‘सी’ वर्गाला दिला. म्हणजे सव्वाशे जाळ्यांच्या वाट्याला निम्मी संपत्ती आणि वीस लाखांहून अधिक जाळ्यांच्या वाट्याला आठवा हिस्सा, असे हे वाटप झाले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या एका शिक्षणसंस्थेकडे १८ ने सुरू होणारा संपूर्ण ‘ए’ वर्गीय गट होता. स्टॅनफर्ड विद्यापीठ, आयबीएम, फोर्ड मोटर कंपनी यांच्याकडेही असेच एकेक गट होते. त्यांनी काही गैर केले असे नव्हे. मागणारे थोडे आणि देण्याजोगे पुष्कळ, अशी तेव्हाची स्थिती होती. स्टॅनफर्डने आपला गट २००० मध्ये परत केला, ही बाबही नोंदविली पाहिजे.

दुसरा दोष मापाचा होता. समजा, एखाद्या महाविद्यालयाकडे ३०० संगणक आहेत. ‘सी’ वर्गात २५४ यंत्रेच मावत असल्यामुळे तो अपुरा पडतो. ‘बी’ वर्ग घेतल्यास ६५,५३४ पैकी ३०० पत्ते, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी पत्ते वापरले जातात आणि उरलेले कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. दोन ‘सी’ वर्ग घेतल्यास जगभरच्या राउटरांना एका संस्थेसाठी दोन नोंदी ठेवाव्या लागतात. शर्टाचे दोनच आकार उपलब्ध असावेत, एक बालकाचा आणि दुसरा दहा माणसांना पुरेल एवढा, असाच हा प्रकार होता. साहजिकच बहुतेक मध्यम संस्थांनी ‘बी’ वर्ग मागितला आणि तोच सर्वप्रथम संपण्याच्या मार्गाला लागला.

सबनेटिंग : अंतर्गत विभाजनाची युक्ती

विद्यापीठांच्या आवारात एकाहून अधिक स्थानिक जाळी निर्माण झाली, तेव्हा प्रत्येकासाठी स्वतंत्र क्रमांक मागावा की एकाच क्रमांकाची आत वाटणी करावी, असा प्रश्न उभा राहिला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेफ्री मोगल यांनी ऑक्टोबर १९८४ मधील ‘आरएफसी ९१७’ मध्ये दुसऱ्या पर्यायाचा पुरस्कार केला. ऑगस्ट १९८५ मध्ये मोगल आणि जॉन पोस्टेल यांनी ‘आरएफसी ९५०’ द्वारे त्याला प्रमाणित स्वरूप दिले. सबनेटिंगची पद्धती ती हीच.

तिचे तत्त्व असे, की यंत्राच्या भागातील काही बिट उसने घेऊन त्यांतून उपजाळ्याचा क्रमांक तयार करावयाचा. बाहेरच्या जगाला संस्था पूर्ववत एकच जाळे म्हणून दिसते. आत मात्र तिचे अनेक उपविभाग असतात. सीमा कोठे आहे हे आता पत्त्याच्या आरंभावरून कळत नसल्यामुळे ते सांगण्यासाठी ‘सबनेट मास्क’ हा ३२ बिटांचा दुसरा आकडा आला. मास्कमध्ये जेथे १ आहे तो भाग जाळ्याचा आणि जेथे ० आहे तो यंत्राचा समजावयाचा. ‘४४२’ चे क्षेत्र बाहेरून अबाधित राहून आत नवा जिल्हा निर्माण होऊ शकला, त्याच जातीची ही व्यवस्था होय.

उदाहरणादाखल एका काल्पनिक महाविद्यालयाचा विचार करू. त्याच्याकडे १९२.१६८.१०.० हे जाळे आहे. संगणक प्रयोगशाळा, कार्यालय, ग्रंथालय आणि विज्ञान विभाग असे चार स्वतंत्र घटक करावयाचे आहेत. चार घटकांसाठी दोन बिट लागतात. मूळच्या २४ बिटांत ते मिळविले की जाळ्याचा भाग २६ बिटांचा होतो आणि मास्क २५५.२५५.२५५.१९२ असा येतो. उरलेल्या ६ बिटांतून ६४ पत्ते मिळतात. प्रत्येक घटकातील पहिला पत्ता उपजाळ्याच्या नावासाठी आणि अखेरचा सर्वांना उद्देशून पाठवावयाच्या संदेशासाठी राखीव असल्यामुळे ६२ पत्ते यंत्रांना देता येतात. चार घटकांचे पल्ले अनुक्रमे ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१ आणि १९२ ते २५५ असे ठरतात.

आता १९२.१६८.१०.७७ हे यंत्र कोणत्या घटकातील आहे? ७७ चे द्विमान रूप ०१००११०१ आणि १९२ चे ११००००००. या दोहोंत जेथे दोन्हीकडे १ आहे तेवढेच ठेवले, तर ०१००००००, म्हणजे ६४ हे उत्तर येते. म्हणून ते यंत्र दुसऱ्या घटकातील होय. राउटर प्रत्येक संदेशासाठी हीच क्रिया करीत असतो.

समान वाटणी हीच न्याय्य वाटणी असते असे नाही. प्रयोगशाळेत ६० संगणक, कार्यालयात २५ आणि ग्रंथालयात १२ असतील, तर प्रयोगशाळेला २६ बिटांचा मास्क देऊन ६२ पत्ते, कार्यालयाला २७ बिटांचा मास्क देऊन ३० पत्ते आणि ग्रंथालयाला २८ बिटांचा मास्क देऊन १४ पत्ते देता येतात. एकाच जाळ्यात निरनिराळ्या लांबीचे मास्क वापरण्याच्या या पद्धतीने सीमारेषा प्रथमच गरजेनुसार हलविता येऊ लागली. मात्र ही मोकळीक संस्थेच्या आतपुरतीच होती. बाहेर अद्याप वर्गांचेच राज्य होते.

वर्गांचा अस्त

नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी दोन संकटे एकाच वेळी उभी राहिली. ‘बी’ वर्गाचे पत्ते वेगाने संपत होते आणि जोडल्या जाणाऱ्या जाळ्यांची संख्या वाढल्यामुळे राउटरांतील नोंदींचा भार असह्य होत होता. एकावर उपाय करावा तर दुसरे बळावत असे. ‘बी’ ऐवजी अनेक ‘सी’ वर्ग दिले, की नोंदी वाढत. यावर सप्टेंबर १९९३ मधील ‘आरएफसी १५१९’ ने जो मार्ग काढला तो ‘साइडर’ म्हणजे वर्गविरहित मार्गनिर्देशन या नावाने ओळखला जातो.

साइडरने सबनेटिंगमधील मास्कची कल्पना संस्थेच्या कुंपणाबाहेर नेली. आता पत्त्यासोबत तिरपी रेघ देऊन जाळ्याच्या भागाची लांबी लिहावयाची आणि ती लांबी कोणतीही असू शकेल. त्यामुळे पत्त्यांची वाटणी करता येते तशी बेरीजही करता येऊ लागली. उदाहरणार्थ, १९२.१६८.८.० ते १९२.१६८.१५.० ही लगतची आठ जुनी ‘सी’ वर्गीय जाळी १९२.१६८.८.०/२१ या एका नोंदीत सामावतात आणि त्यांत २,०४६ यंत्रे मावतात. पहिल्या बिटांवरून वर्ग ओळखण्याचा नियम यामुळे निरर्थक झाला. मार्ग जुळविताना राउटर आता पत्त्याशी अधिकाधिक लांबीपर्यंत जुळणारी नोंद शोधतो.

येथे पिनकोडशी असलेले साम्य संपते. पिनकोडमधील सीमा कायमची ठरलेली आहे. पहिले तीन अंक सॉर्टिंगचे आणि अखेरचे तीन टपाल कार्यालयाचे. या अर्थाने पिनकोड हा वर्गपद्धतीच्या जवळचा आहे. नागपूर शहराला ‘४४०’ हा स्वतंत्र गट आणि वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या विस्तीर्ण टापूतील बहुतांश भागाला मिळून ‘४४२’ हा एक गट, अशी विषमता त्यातही आहे. तरीही पिनकोडची टंचाई झाली नाही. कारण पिनकोड घराला दिला जात नाही. देशातील सुमारे दीड लाख टपाल कार्यालयांसाठी सुमारे १९ हजार पिनकोड पुरतात. आयपी पत्ता मात्र प्रत्येक यंत्राला हवा असतो. दुसरा भेद असा, की पिनकोड भूगोलाशी बांधलेला आहे, तर आयपी पत्ता सेवा देणाऱ्या यंत्रणेशी. वर्धा शहरातील दोन शेजारी दोन निरनिराळ्या कंपन्यांची सेवा घेत असतील, तर त्यांच्या पत्त्यांत कोणतेही साम्य असेलच असे नाही. आयपी पत्त्यांच्या जगात ‘वर्धा’ नावाचा गट नाही.

भारतातील पत्तेवाटप

भारतातील शैक्षणिक जाळ्याचा प्रारंभ १९८६ मध्ये ‘अर्नेट’ या प्रकल्पाने झाला. केंद्र शासनाचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था सहभागी होत्या. या कार्यात अग्रेसर असलेले मुंबईच्या केंद्राचे श्रीनिवासन रमणी यांचा २०१४ मध्ये ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’ मध्ये समावेश झाला.

अर्नेटकडे १४४.१६ ने सुरू होणारा एक ‘बी’ वर्गीय गट होता. मुंबई आणि खरगपूर यांसारख्या परस्परांपासून शेकडो मैल दूर असलेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थांतील यंत्रांचे पत्ते याच आकड्यांनी सुरू होत. सबनेटिंगचे हे भारतीय भूमीवरील बोलके उदाहरण होय. अमेरिकेत एका संस्थेला एक कोटी सदुसष्ट लाख पत्ते आणि येथे ६५ हजार पत्त्यांच्या एका गटात अनेक राष्ट्रीय संस्थांचा संसार, असा हा फरक होता. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडेही १६४.१०० ने सुरू होणारा ‘बी’ वर्गीय गट आहे. जिल्हा मुख्यालयांपर्यंत पोहोचलेल्या या केंद्राच्या यंत्रणेवरील शासकीय संकेतस्थळांचे पत्ते दीर्घकाळ याच आकड्यांनी ओळखले जात.

मे १९९३ मधील ‘आरएफसी १४६६’ ने पत्त्यांची प्रादेशिक विभागणी सुचविली आणि २०२ व २०३ ने सुरू होणारे गट आशिया-प्रशांत क्षेत्रासाठी ठरविले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा तिचे पत्ते २०२.५४ ने सुरू होत, ते याच कारणाने. पिनकोडनंतर बरोबर २३ वर्षांनी, त्याच तारखेला, देशाच्या पत्तेव्यवस्थेत हे दुसरे पर्व सुरू झाले. परंतु तोवर ‘ए’ आणि ‘बी’ वर्गांचा मोठा हिस्सा इतरत्र वाटला गेला होता.

टंचाई आणि तिचे परिणाम

टंचाईवर तात्पुरता उपाय म्हणून मे १९९४ मध्ये ‘नॅट’ म्हणजे पत्तांतराची पद्धती मांडण्यात आली आणि फेब्रुवारी १९९६ मधील ‘आरएफसी १९१८’ ने १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे गट खाजगी वापरासाठी निश्चित केले. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकावर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसतो तो यामुळेच. हा पत्ता जगात लाखो ठिकाणी एकाच वेळी असतो आणि आवाराबाहेर त्याला अर्थ नसतो. बाहेर पडताना संपूर्ण संस्था एखाद्याच सार्वजनिक पत्त्याआड उभी असते.

या सोयीची किंमत मात्र मोजावी लागली. नॅटच्या आड असलेले यंत्र बाहेर विचारणा करू शकते, परंतु बाहेरून त्याला थेट विचारणा करता येत नाही. जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने आपल्या ग्रंथालयाची सूची, स्थानिक इतिहासाची कागदपत्रे किंवा विद्यार्थ्यांचे प्रकल्प स्वतःच्या संगणकावरून जगासाठी खुले करावयाचे ठरविले, तर त्याला सार्वजनिक पत्ता विकत घ्यावा लागतो किंवा दुसऱ्याच्या यंत्रावर जागा भाड्याने घ्यावी लागते. वाचक होणे सोपे आणि प्रकाशक होणे अवघड, अशी ही स्थिती आहे. तिचे एक मूळ १९८१ च्या वाटपात आहे.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील अखेरचे गट प्रादेशिक संस्थांना वाटले गेले. १५ एप्रिल २०११ रोजी आशिया-प्रशांत क्षेत्राची संस्था १०३ ने सुरू होणाऱ्या आपल्या अंतिम गटावर आली आणि त्यातून प्रत्येक सदस्याला अधिकाधिक १,०२४ पत्ते देण्याचे धोरण लागू झाले. जुन्या भाषेत ही चार ‘सी’ वर्गीय जाळी होत. पुढे ही मर्यादा ५१२ वर आली. एकीकडे मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेने २०१७ मध्ये आपल्या न वापरलेल्या पत्त्यांचा मोठा भाग विकला. जे एकेकाळी मागताच मिळत होते, त्याला बाजारात मोल आले.

कायमचा उपाय म्हणून आयपीची सहावी आवृत्ती डिसेंबर १९९५ मध्येच प्रसिद्ध झाली होती. तिच्यात पत्ता १२८ बिटांचा आहे आणि एकूण पत्त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये इतकी भरते. तिच्यात ‘ए’, ‘बी’, ‘सी’ असे वर्ग नाहीत. जाळ्याच्या भागाची लांबी तिरप्या रेघेनेच दाखविली जाते. संस्थेला ४८ बिटांचा गट मिळाल्यास, ६४ व्या बिटाशी सीमा धरून, तिला ६५,५३६ उपजाळी करता येतात. भारताच्या दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये या आवृत्तीच्या स्वीकाराचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यानंतर तिचा प्रसार झपाट्याने झाला. आज भारतातील निम्म्याहून अधिक इंटरनेट-वापर या आवृत्तीतून होतो आणि या बाबतीत भारत जगातील अग्रेसर देशांत गणला जातो. जुन्या व्यवस्थेत ज्यांना पुरेसे मिळाले होते त्यांना बदलाची निकड नव्हती. ज्यांना कमी मिळाले त्यांना ती होती, हे यामागील एक कारण होय.

अध्यापनाच्या दृष्टीने विचार

या इतिहासाचे भान नसल्यास अध्यापनात प्रत्यक्ष चुका शिरतात. एक उदाहरण पुरेसे आहे. ‘आरएफसी ९५०’ नुसार उपजाळ्याच्या क्रमांकातील सर्व ० आणि सर्व १ हे क्रमांक वर्ज्य होते. म्हणून दोन बिट उसने घेतल्यास चारऐवजी दोनच उपजाळी मोजली जात. डिसेंबर १९९५ मधील ‘आरएफसी १८७८’ ने ही वजाबाकी कालबाह्य ठरविली. तरीही उपजाळ्यांच्या संख्येतून दोन वजा करण्याचे सूत्र अनेक टिपणांतून पुढे चालत आले. यंत्रांच्या संख्येतून दोन वजा करणे आजही योग्य आहे, उपजाळ्यांच्या संख्येतून मात्र नाही. हा भेद न कळल्यास विद्यार्थी परीक्षेत गोंधळतो आणि प्रत्यक्ष कामावर अर्धे पत्ते वाया घालवितो.

याचा अर्थ वर्गपद्धती अभ्यासक्रमातून काढून टाकावी असा नाही. तिच्यावाचून सबनेटिंगची गरज समजत नाही आणि सबनेटिंगवाचून साइडर समजत नाही. जुन्या उपकरणांत व पुस्तकांत तिची भाषा टिकून आहे. मात्र ती ‘आहे’ म्हणून न शिकविता ‘होती’ म्हणून शिकविली पाहिजे. ४४२१०२ हा सेवाग्रामचा पिनकोड फळ्यावर लिहून त्यातील कोणते अंक कोणासाठी आहेत असे विचारले, तर जाळ्याचा भाग आणि यंत्राचा भाग ही कल्पना विद्यार्थ्याला द्विमान गणिताआधीच उमगू शकते. त्यानंतर ती सीमा सरकविली तर काय होईल, हा प्रश्न सबनेटिंगच्या दाराशी नेऊन सोडतो.

निष्कर्ष

आयपी पत्त्यांची वर्गपद्धती ही तत्कालीन यंत्रांच्या मर्यादांतून जन्मलेली प्रशासकीय सोय होती. तिच्यातील सीमारेषा यंत्राला सोयीच्या, परंतु मानवी संस्थांच्या मापाला गैरसोयीच्या होत्या. सबनेटिंगने ती रेषा प्रथम संस्थेच्या आत आणि साइडरने नंतर संपूर्ण जगात हलती केली. तथापि रेषा हलती झाली तोवर वाटप पुष्कळ अंशी झालेले होते. त्याचा भार उशिरा आलेल्या देशांवर आणि त्यातही लहान संस्थांवर पडला. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत पत्त्यांची टंचाई उरलेली नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयालाही स्वतःचा सार्वजनिक पत्ता असणे आता तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. ही संधी घेण्यासाठी लागणारे मनुष्यबळ ज्या वर्गखोल्यांतून घडते, तेथे १९८१ चा नियम आजचा म्हणून सांगितला जाऊ नये, एवढी अपेक्षा या इतिहासातून निश्चितच निघते.